पाटावरचा सदरा

२ डिसेंबर, मंगळवार
मादन हिप्परगा

आले बाई एकदाची सासरी. लग्न मे महिन्यात आणि सून घरात डिसेंबरात, असं आमच्या उदगिरात तरी कुणाचं झालं नसेल. पण माझी बी.एड.ची परीक्षा राहिली होती आणि नवरा हळद उतरायच्या आत मस्कतला कामावर परत गेला होता. नवरा नसलेल्या घरात जाऊन पोरगी काय करणार, असं बाबाच म्हणाले आणि मी माहेरी राहिले. आज त्यांनीच आणून सोडलं, चहा घेतला आणि डोळे पुसत परत गेले. मी काही रडले नाही. मला घर आवडलं.

घर दगडी आणि बुटकं आहे, पण आरशासारखं स्वच्छ. शहाबादी फरशी पायाला इतकी गार लागते की चप्पल घालावीशी वाटत नाही. पुढे ओटा, मग मधली खोली, तिच्यात एक लाकडी खांब आणि देवाचा कोनाडा, मागे चूल आणि गॅस दोन्ही. परसात शेवगा आहे. माणसं दोनच, मी आणि अत्ती. इथं सासूला अत्ती म्हणतात. नाव रुद्रम्मा, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त आणि आवाज शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जाणारा. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून शेत त्याच बघतात. माझी पहिली भाकरी तव्यावर पडल्याबरोबर म्हणाल्या, उदगिरात भाकर अशी चौकोनीच करतेत का गं? त्या निम्मं कानडीत बोलतात, मी मराठीत उत्तर देते, आणि जमायलंय आमचं.

नवऱ्याचं नाव गुरुबसव. नाव घ्यायचं नाही अशी ताकीद मिळाली आहे, पण वहीत कोण बघतंय. इथं मी त्याला अरे-तुरेही करणार. वेळ अमावस्येच्या सणाला सुट्टीवर येतोय, तिकीट काढून झालंय. खरं सांगायचं तर लग्नानंतरचे थोडे दिवस सोडले तर मी त्याला फोनवरच पाहिलंय. तो खरा किती उंच आहे हे आता मला नीट आठवतही नाही. परवा त्याला तसं म्हटलं तर हसला आणि म्हणाला, आलो की मोजून घे.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. धम्मानंद म्हणून गुरुबसवच्या खोलीवर राहणारा मुलगा आहे, औरादकडच्या ठाणाकुशनूरचा, मस्कतला क्रेन चालवतो. त्याच्या फोनवरून गुरुबसवच बोलत होता. काल संध्याकाळी माझ्यासाठी खरेदीला गेला आणि बॅग टॅक्सीत विसरला. बॅगेत पासपोर्ट आणि फोन. टॅक्सीचा पत्ता नाही.

तो मात्र शांत होता. पोलिसांत तक्रार केलीय म्हणाला. एम्बसी अशा वेळी एकदाच घरी जाता येईल असा कागद देते. तिकडची पोरं त्याला आउटपास म्हणतात. त्यासाठी जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, आधार, शाळेची टीसी पाठवायची, आणि मग आपल्या इथल्या ठाण्यातून माणूस घरी येऊन चौकशी करणार. हा मनुष्य ह्याच घरचा आणि सध्या परदेशात आहे, एवढं त्यानं लिहून दिलं की झालं.

मग आवाज खाली करून म्हणाला, आईला सांगू नको, बॅगेत लिंग पण होतं. शिवदोरा तुटला होता, नवीन घालायला म्हणून काढून ठेवलं होतं.

फोन स्पीकरवर होता आणि अत्ती माझ्या पाठीशी उभ्या होत्या. आम्हा लिंगायतांत इष्टलिंग एकदा गुरूनं गळ्यात बांधलं की मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. हरवलं तर गुरू दुसरं बांधीपर्यंत अन्न घ्यायचं नाही, लिंग नसलेला माणूस मेल्यात जमा, असं जुनी माणसं मानतात. माझे आईबाबा एवढं कडक नाहीत. अत्ती आहेत. त्यांनी फोनमध्ये एवढंच विचारलं, तू जेवलास का? तो म्हणाला, व्हय, डाळ-रोटी खाल्ली. त्यांनी स्वतःच्या ताटातली भाकरी उचलून गाईला घातली. तो खायलाय, मग त्याच्या वाटचा उपास मी धरते, म्हणाल्या.

६ डिसेंबर, शनिवार

आज कागदांच्या मागे आळंदला, तालुक्याच्या गावी. टीसी काढायला गुरुबसवच्या शाळेत गेले तर हेडमास्तरांनी आधी माझीच मुलाखत घेतली, बी.एड.ला विषय कोणते होते म्हणून. झेरॉक्सवाल्याकडे लाइट नव्हती. ती आली तेव्हा त्याचा कागद संपला. पण दुपारपर्यंत सगळं धम्मानंदच्या फोनवर पोचतं केलं आणि बसस्टँडवर मिरची-भजी खाल्ली.

संध्याकाळी अत्ती मला मठात घेऊन गेल्या. कालपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. मठाचे अय्या, म्हणजे ह्या घराचे गुरू, वयस्कर आणि मऊ बोलणारे आहेत. अत्तींचं म्हणणं, पोराच्या नावानं लिंग बांधून द्या. अय्या म्हणाले, लिंग अंगावर बांधायचं असतंय रुद्रम्मा. अंग मस्कतला हाय. ते येऊ दे, मी बांधतो, तवर तू जेव. अत्ती उठेचनात. शेवटी अय्यांनी एक लिंग कापडात गुंडाळून दिलं आणि बजावलं, हे नुसतं जपून ठेव, त्याच्या नावानं पूजा करू नको. जिथं अंग न्हाई तिथं कुणाला बलवू नये.

घरी आल्यावर मी दूध दिलं. घेतलं नाही. हट्टाला पेटलं की ह्या घरात कुणाचं चालत नाही, हे मी शिकतेय.

८ डिसेंबर, सोमवार

अत्ती आज जेवल्या. देवा, किती बरं वाटलं.

काय झालं ते लिहून ठेवते, पुढे गुरुबसवला सांगून हसता येईल. सकाळी त्यांना परसात घेरी आली. मी घाबरले, म्हटलं काहीही करा पण खा. तर म्हणाल्या, मग मला हात लाव. मधल्या खोलीत, देवाच्या कोनाड्याकडे तोंड होईल असा, खांबाला टेकवून पाट मांडला. ट्रंकेतून गुरुबसवचा लग्नातला पांढरा सदरा काढला. तो ताठ बसावा म्हणून आत लोड घातला, बटणं लावली आणि पाटावर बसवला. मी कॉलर धरून उभी. अत्तींनी सदऱ्याच्या छातीला भस्म लावलं, अय्यांनी दिलेलं लिंग नव्या दोऱ्यात ओवून कॉलरीभोवती बांधलं. गाठ मारताना माझं बोट मागितलं, तेही मी दिलं. मग कॉलरीच्या वर, जिथं कान असायचा तिथं तोंड नेऊन मंत्र सांगितला. गुरू बांधताना कानात सांगतो तसाच.

अय्यांनी नको म्हटलं होतं, हे मला आठवत होतं. पण समोर तीन दिवसांची उपाशी बाई होती. सदऱ्यासमोर एक ताट वाढलं आणि दुसरं स्वतः घेऊन अत्ती पोटभर जेवल्या. वर मला म्हणाल्या, आता भाकर गोल यायलीय तुझी.

११ डिसेंबर, गुरुवार

सदरा अजून पाटावरच आहे. गुरुबसव येईपर्यंत हलवायचा नाही म्हणतात. रोज दोन वेळा ताट वाढतात. आज ताट उचलायला मीच गेले तर ते रिकामं होतं, बोटांनी निपटून खाल्ल्यासारखं. मांजर असेल. पण वरणात बुडवलेल्या भाकरीचा तुकडाही मांजर सोडत नाही का?

सदरा झटकावा म्हणून कॉलरीला हात लावला. आतून ओली होती. आज ऊन नाही, गारठा आहे.

दुपारी धम्मानंदचा फोन आला. दोघं एम्बसीत गेले होते. कागद सगळे बरोबर आहेत. फक्त मशीनवर गुरुबसवच्या बोटांचे ठसे उमटेनात. दहाही बोटं लावून बघितली. सिमेंटात काम करणाऱ्यांचं होतंय असं वहिनी, काळजी करू नका, म्हणाला. फोटोही फिका आला म्हणून पुन्हा काढला. तोही फिका आला. शेवटी तिथल्या बाईंनी तसाच घेतला. आता फक्त इथल्या ठाण्याचा रिपोर्ट हवाय.

गुरुबसवशी बोलले. आवाज थकलेला वाटला. भूक लागत नाही म्हणाला, पोट भरल्यासारखंच असतं.

१३ डिसेंबर, शनिवार

शेजारच्या मल्लम्माक्का विरजण मागायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, गुरुबसव कवा आला गं, सांगितलं बी न्हाईस. मी म्हटलं, आला नाही, पाटावर सदरा ठेवलाय अत्तींनी. त्या हसल्या. म्हणाल्या, मला शिकवतीस व्हय? लहानपणापासून बघायले ती पाठ. तुझ्याकडं पाठ करून जेवायलाय की.

मी आत बघितलं. सदराच होता. मान नाही, डोकं नाही, फक्त सदरा. पण मल्लम्माक्का विरजण घेऊन जाताना त्याला हाक मारून गेल्या.

दुपारी अत्ती ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. पाठीशी लोड होता. निळ्या खोळीचा. घरात लोड एकच आहे. मी विचारलं, हा इथं कधी आणला? म्हणाल्या, झाले की दोन दिवस, आता त्याला टेकू लागत न्हाई.

मग सदऱ्यात काय आहे, हे मी विचारलं नाही. आत जाऊन बघितलंही नाही. माझे आजोबा गेले तेव्हाचं आठवलं. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. मांडी घालून, पाठ ताठ, हातात लिंग. आजोबा असेच बसले होते.

१५ डिसेंबर, सोमवार

चौकशीला माणूस आला. मंजुनाथ नावाचा पोलिस, तरुण, बोलायला चांगला. ओट्यावर बसून कागद उघडला आणि विचारलं, गुरुबसव ह्याच घरचा का? सध्या कुठं आहे? मी तोंड उघडायच्या आत अत्ती म्हणाल्या, घरी हाय की. आत बसलाय, बघ जा.

मंजुनाथनं उंबऱ्यावरून डोकावलं. टोपी काढली, नमस्कार केला, आणि मागे सरकून मला हळूच म्हणाला, अक्का, ते पूजेला बसलेत. मग एम्बसी कुणाची चौकशी करायलीय?

मी त्याला गल्लीत ओढत नेलं म्हटलं तरी चालेल. तिथून धम्मानंदला व्हिडिओ लावला. तो म्हणाला, गुरुबसव झोपलाय, आणि फोन त्याच्या खाटेकडे वळवला. पांघरुणात कुणीतरी होतं. चेहरा होता, पण धुऊन धुऊन फिका पडलेला. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो, कळत नव्हतं. मी हाक मारली तेव्हा डोळे उघडले आणि माझं नाव घेतलं, शैलश्री. आवाज त्याचाच होता. मी रडले.

मंजुनाथनं फोनकडे बघितलं, घराकडे बघितलं. हातातला कागद मिटला. म्हणाला, अक्का, माणूस एकाच ठिकाणी असतो. इथं हाय म्हणून लिहिलं तर तिथल्याला आउटपास मिळत न्हाई, तो खोटा ठरतो. तिथं हाय लिहिलं तर हे आत बसलेलं कोण? मला एकच लिहिता येतंय. रविवारी तिकडची एम्बसी उघडायच्या आत रिपोर्ट जायला पाहिजे, म्हणून शुक्रवारी येतो. तवर तुम्ही ठरवा.

अत्ती जेवायला हाक मारत होत्या. तीन ताटं.

१७ डिसेंबर, बुधवार

मठात गेले, एकटीच. सगळं सांगितलं. अय्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जे आलंय ते दुसरं कुणी न्हाई. तुझाच नवरा हाय. तुम्ही बलवलं, तो यायलाय. तिथनं जेवढा सुटायलाय तेवढा इथं भरायलाय.

मी म्हटलं, लिंग सोडते. तर म्हणाले, बांधणाऱ्या हातानंच सोडावं लागंल. गाठीला तुझं बोट होतं, तू सोडू शकतीस. पण तो तिथं बोलायलाय तवरच सोड. सगळा इथं आल्यावर सोडशील तर परत जायला जागा राहणार न्हाई. मग तिथं बी न्हाई, इथं बी न्हाई.

घरी आले तर अत्ती पाटाजवळ बसून त्याचे केस विंचरत होत्या. केस होते. मागून दिसले.

मी जवळ गेले की अत्ती मध्ये येतात. झोपतातही तिथंच. माझं पोर घरी आलंय, कागद पाहिजेत कशाला, म्हणतात. त्या वाईट नाहीत. त्यांचा चेहरा मी इतका आनंदी कधी पाहिला नव्हता.

१८ डिसेंबर, गुरुवार

धम्मानंदचा फोन. डॉक्टरला दाखवलं, आजार काही सापडत नाही. उचलला तर हाताला वजन लागत नाही म्हणतो. गुरुबसव म्हणे त्याला विचारत होता, भज्जीचा वास कुठनं यायलाय?

उद्याची भज्जी, सगळ्या शेंगाभाज्यांची एकत्र, इथं चुलीवर शिजतेय. अत्तींनी आत्ता फोडणी दिली.

उद्या वेळ अमावस्या. सगळं गाव पूजेला आणि जेवायला शेतात जाईल. मी पोटात दुखतंय म्हणून मागे राहणार आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अत्ती गेल्या. आंबिलीचं मडकं घेऊन, मल्लम्माक्कांबरोबर. जाताना आत बघून म्हणाल्या, तुझी बायको हाय, जेवायला वाढंल.

गल्लीत कुणी नाही. दूर शेतांतून पोरांचा ओरडा येतोय. लख्ख ऊन आहे, मधल्या खोलीत पार खांबापर्यंत. सावली दोघांची पडते. खांबाची आणि —

धम्मानंदला फोन लावलाय. त्याला आज सुट्टी आहे. माझा फोन शेजारी उघडा ठेवलाय, तिकडचा गुरुबसवच्या तोंडाजवळ धरायला सांगितलंय. एक शब्द बोलू दे त्याला, की मी गाठ सोडते. एक शब्द. हात आपसूक गाठीकडे जातोय म्हणून लिहितेय. लिहिलं की थोडा थांबतो.

फोनमधून श्वास ऐकू येतोय. बोलत नाही.

मंजुनाथ आलाय. ओट्यावर बसलाय. काय लिहू, विचारतोय. थांबा म्हटलं.

गाठीवर बोट आहे माझं. कॉलर गरम आहे. मी मान वर करून बघत नाहीये. बघितलं तर आवडेल मला, त्याचीच भीती वाटतेय —

बोलला.

फोनमधून नाही. इथं, माझ्या कपाळाजवळ. शैलश्री, मोजून घे की, म्हणाला.

फोनमध्ये धम्मानंद ओरडतोय, वहिनी, ओठ हलायलेत ह्याचे, आवाज येईना पण ओठ हलायलेत. काय म्हणायलाय विचारलं तर कळत न्हाई म्हणतो.

म्हणजे तिथं बोलतोय का? ओठ तिथले आणि आवाज इथला, ह्याला बोलणं म्हणतात का? अय्यांना विचारायला हवं होतं. अय्या शेतात —

इथला परत बोलला. मंजुनाथला सांग, म्हणतो, मी घरी आलोय. धम्मानंद म्हणतोय पुन्हा हलले, वहिनी, लवकर करा, पुन्हा हलले, आता कमी —

गाठ सैल होतेय. मी सोडतेय का तोच —

मंजुनाथ उंबऱ्यात उभा आहे. विचारतोय, अक्का, शेवटचं, नवरा कुठं हाय तुमचा?

मी त्याला सांगितलं, माझा नवरा —